अम्मीच्या ओढणीचा खरा रंग

अम्मी-अब्बांच्या निकाहचा आमच्या घरात एकच रंगीत फोटो आहे, १९७९ सालचा. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीने तो पेटीत जपून ठेवला. गेल्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी तिने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "माझी ओढणी पिवळट-तांबूस कशी झाली? ती तर हिरवी होती."

फोटोचा रंग उडाला होता. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग आधी फिका पडतो आणि फोटो लालसर दिसू लागतो. आजवर अम्मीच्या डोळ्यांनाही मोतीबिंदूमुळे सगळंच पिवळट दिसत होतं, म्हणून फरक तिच्या ध्यानात आला नव्हता.

आम्ही फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर दुरुस्त केला. ओढणी पेटीतच होती. तिच्या आतल्या घडीत उजेड न लागलेला हिरवा रंग शाबूत होता, त्यावरून स्क्रीनवर रंग जुळवला. प्रिंट काढली तर ओढणी गडद निळसर! तीन महागडे कागद वाया गेले, तेव्हा कुठे कळलं की चूक आमच्या स्क्रीनमध्ये आहे.

अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये प्रकाश आणि नजर यांचा सखोल विचार केला. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या उजेडाप्रमाणे वेगळा दिसतो, हे त्यांनी नोंदवलं आहे. आपला डोळा चुकीच्या रंगालाही सरावतो. म्हणून अंदाजावर न जाता मोजावं लागतं.

आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवला. रात्री स्क्रीन पिवळी करणारी सोय बंद केली आणि खिडकीचं ऊन स्क्रीनवर पडणार नाही असं पाहिलं. ओळखीच्या फोटो स्टुडिओतून कलरीमीटर दोन दिवसांसाठी मागून आणला. हे छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवून ठेवायचं. स्क्रीनवर एकामागून एक रंग येतात, यंत्र ते मोजतं आणि त्यावरून त्या मॉनिटरचं प्रोफाइल तयार होतं. आम्ही रंगाचं तापमान ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड १०० कँडेलाच्या आसपास ठेवला. आमची स्क्रीन फारच प्रखर आणि पिवळट होती. तो पिवळेपणा घालवण्यासाठी आम्हीच फोटोत निळा रंग भरत होतो!

मग प्रिंटर. स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळते, तर प्रिंटर कागदावर शाई मिसळतो. त्यामुळे दोन्ही कधीच शंभर टक्के सारखे होत नाहीत. तरी बरंच जवळ जाता येतं. नोझल तपासले, सेटिंगमध्ये कागदाचा नेमका प्रकार निवडला, त्या कागदाचं आणि शाईचं प्रोफाइल घातलं. रंग सांभाळण्याचं काम फोटोच्या सॉफ्टवेअरकडे किंवा प्रिंटरकडे, दोघांपैकी एकाकडेच द्यावं. दोघांनी दुरुस्ती केली की रंग बिघडतो. आमचं तेही चुकलं होतं.

आधी छोटी प्रिंट काढली. ती रात्रभर वाळू दिली, कारण ओल्या शाईचा रंग फसवतो. सकाळी खिडकीजवळ, थेट उन्हात नव्हे, ओढणीच्या घडीशेजारी ठेवली. जरीची चमक कागदावर उतरत नाही, पण हिरवा रंग जुळला होता. मग मोठी प्रिंट काढली.

अम्मीने ओढणीकडे फारसं पाहिलंच नाही. ओढणी जुळल्यामुळे अब्बांची शेरवानीही लालसरपणा जाऊन मलईच्या रंगाची दिसू लागली होती. तिचा नमुना कोणाकडेच नव्हता. अम्मी बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हाच रंग. शेरवानी भाड्याची होती. दुसऱ्या दिवशी परत करायला तुमचे अब्बा सायकलवर गेले होते."

ही गोष्ट आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती.

आपल्या घरातले जुने फोटोही स्कॅन करून ठेवा. मूळ स्कॅन तसाच राहू द्या, दुरुस्ती वेगळ्या प्रतीवर करा. आणि ज्यांनी ते रंग पाहिलेत, ती मोठी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.