कोविड गेला, शेपूट उरलं

‘लाँग कोविड’ हे नाव डॉक्टरांनी ठेवलेलं नाही. ठेवलं एका रुग्णाने, आणि तीही पुरातत्त्वज्ञ! इटलीच्या एलिसा पेरेगो यांनी मे २०२० मध्ये ट्विटरवर हा हॅशटॅग टाकला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी जाणवणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणं.

लक्षणं किती? २०२१ च्या एका पाहणीत ५६ देशांतल्या रुग्णांनी मिळून २०३ सांगितली. त्यातलं सगळ्यात चकवणारं म्हणजे उधारीचा थकवा. आज जिना चढलात, बाजार केलात, काही झालं नाही. उद्या-परवा अंथरुणातून उठवत नाही. अशा माणसाला ‘जरा व्यायाम कर, बरं वाटेल’ असं सुनावणारे नातेवाईक घरोघरी असतात. त्यांना गप्प बसवायला हरकत नाही.

केस गळतात ते ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण यांनंतरही तेच होतं. बहुतेकांचे परत येतात.

आता नाक. खरी गंमत इथेच आहे. वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर विषाणू सहसा थेट हल्ला करत नाही. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर करतो. शेजारी पडले की चेतापेशीही कोलमडतात. पुन्हा जुळवाजुळव होताना मात्र काहींच्या नाकाचा हिशेब चुकतो. कॉफी, कांदा, लसूण, चिकन, टूथपेस्ट, सगळ्याला जळका किंवा कुजका वास! ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये कॉफीतला मुख्य गुन्हेगार पकडला: गंधकयुक्त एक रेणू. निरोगी माणसाला त्याच रेणूचा वास भाजलेल्या कॉफीसारखा खमंग लागतो. फोडणीवर जगणाऱ्या मराठी घरात कांदा-लसणाचा वास नकोसा होणं म्हणजे केवढा छळ, ते वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत तर नाकाचं हे दुखणं मेणबत्त्यांनी उघड केलं. २०२० च्या अखेरीस एका संशोधिकेने ॲमेझॉनवरचे अभिप्राय चाळले. सुगंधी मेणबत्त्यांवर ‘वासच येत नाही’ अशा तक्रारी वाढत चालल्या होत्या. माल ठीक होता, बिघडलं होतं गिऱ्हाइकाचं नाक.

उपाय? गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं, तेही काही महिने. आजीचा बटवा वाटतो ना? पण हा प्रयोग जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा, थोमास हुम्मेल यांचा, आणि २००९ चा, म्हणजे कोविडच्याही आधीचा. गुण सगळ्यांना येत नाही, पण पदरचं फारसं काही जात नाही.

विषाणूचा कुठला अवतार वाईट, डेल्टा की ओमायक्रॉन? ओमायक्रॉनने नाकाला बरंच सोडलं. ब्रिटनमध्ये किंग्ज कॉलेजच्या पाहणीत (२०२२) डेल्टाच्या १०.८ टक्के रुग्णांची लक्षणं महिन्याभरानंतरही रेंगाळली होती. ओमायक्रॉनच्या फक्त ४.५ टक्के. म्हणून ओमायक्रॉन साधाभोळा? छे! टक्का निम्म्याहून कमी, पण लागण कितीतरी जास्त लोकांना. शेवटी रेंगाळलेल्यांची गर्दी मोठीच. ‘सौम्य’ हे बिरुद त्याला जरा घाईने चिकटवलं गेलं, असं माझं मत.

आणि टक्का घटल्याचं श्रेय एकट्या विषाणूचं नाहीच. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये कळलं की ओमायक्रॉनच्या काळात वर्षभरात लाँग कोविड झालेले लस न घेतलेल्यांत शंभरात जवळजवळ आठ, लस घेतलेल्यांत साडेतीन. पहिल्या लाटेपासून जोखीम घटली, त्यातला सुमारे ७० टक्के वाटा लशीचा.

मुंबईचा धडा. २०२१ मध्ये हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतरच्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा आटून हाड मरू लागलं होतं. तिघांनाही कोविडमध्ये स्टिरॉइड दिलं होतं. अशा दुखण्यात आधी जांघ दुखते आणि सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा चोख येतो. चोरी पकडतो तो एमआरआय.