विस्मृतीच्या पूर्वखुणा

भाजींत मीठ घालण्यास आजी विसरली, तर घरांतलीं मुलें हंसतात. परंतु जी भाजी ती चाळीस वर्षें करीत आली ती कशी करावी हेंच तिला सुचेनासें झालें, म्हणजे हंसणें थांबतें. आणि मग कोणीतरी 'साठी बुद्धि नाठी' म्हणून विषय संपवितो. या म्हणीनें वृद्धांचें पुष्कळ नुकसान केलें आहे, असें आम्हांस वाटतें. बुद्धि नाठी होत असेल तर त्यास कांहीं कारण असतें, व तें आतां पुष्कळदां वेळींच शोधितां येतें.

१९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं डॉ. आलोइस अल्झायमर यांजकडे ५१ वर्षांची एक स्त्री आणली गेली. तिला स्वतःचें नांवही नीट लिहितां येईना. १९०६ सालीं ती वारली, तेव्हां डॉक्टरांनीं तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला. पेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाचे थर सांचले होते व पेशींच्या आंत तंतूंचा गुंता झाला होता. पुढें कळलें कीं, थर अमायलॉइड नांवाच्या प्रथिनाचे आणि गुंता टाउ नांवाच्या प्रथिनाचा. रोगास डॉक्टरांचें नांव मिळालें. पण जवळजवळ शंभर वर्षें त्याचें निश्चित निदान मृत्यूनंतरच होत असे.

जिवंत माणसाच्या मेंदूंत डोकवावें कसें? प्रथम पाठीच्या कण्यांत सुई घालून मज्जारज्जूभोंवतालचें पाणी काढूं लागले. अमायलॉइड मेंदूंतच अडकलें म्हणजे त्या पाण्यांत त्याचें एक रूप कमी होतें, आणि टाउ वाढतें. नंतर अमायलॉइडला चिकटणारें किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून मेंदूचें चित्र घेण्याची युक्ति २००४ सालीं प्रसिद्ध झाली. पहिला उपाय दुखरा, दुसरा खर्चिक. म्हणून शास्त्रज्ञ रक्ताकडे वळले. प्रथिन ही एक सांखळी असते. टाउच्या सांखळींतील २१७ व्या कडीवर फॉस्फेट चिकटलें म्हणजे अशा टाउचा कांहीं अंश रक्तांत उतरतो; पण तो इतका सूक्ष्म कीं, ग्रॅमाचे लक्ष कोटि भाग कल्पून त्यांतील एखाद्या भागाच्या हिशोबानें मोजावा लागतो. मे २०२५ मध्यें अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें या अंशावर आधारलेल्या रक्तपरीक्षेस मान्यता दिली. तीही ५५ वर्षांवरील, स्मृतीची तक्रार असलेल्या लोकांपुरती.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. मेंदूंतील थर विस्मरण दिसूं लागण्यापूर्वीं पंधरा-वीस वर्षें सांचूं लागतात; मग धडधाकट माणसानेंही परीक्षा कां करूं नये? याचें उत्तर एका वृद्ध भगिनीनें दिलें आहे. अमेरिकेंत १९८६ सालीं डॉ. डेव्हिड स्नोडन यांनीं नोत्र दाम संघाच्या भगिनींचा अभ्यास आरंभिला. पुढें ६७८ भगिनींनीं मरणोत्तर आपला मेंदू देऊं केला. त्यांपैकीं सिस्टर मेरी १०१ व्या वर्षीं वारल्या. त्यांच्या स्मरणपरीक्षांचे गुण उत्तम होते, आणि मेंदू उघडून पाहतां थर व गुंते मुबलक! त्या शाळेंत शिकवीत असत. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट सांगावयास आवडते हें कबूल. पण शिकविल्यानें रोग टळतो, असें तिजवरून सिद्ध होत नाहीं. इतकेंच दिसतें कीं, खूण असूनही माणूस शहाणा राहूं शकतो. शिवाय लेकॅनेमॅबसारखीं जीं नवीं औषधें २०२३ पासून तेथें मिळूं लागलीं, तीं रोगाची गति मंदावितात, गेलेली स्मृति परत आणीत नाहींत.

म्हणून, पालकहो, घरांतील वडील माणूस एकच प्रश्न वारंवार विचारूं लागलें, तर तें हट्टानें करतें असें समजूं नका. डॉक्टर आधीं साध्याच गोष्टी पाहतील : थायरॉइड, ब १२ जीवनसत्त्व, झोंप, कान. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांस म्हातारचळ लागला असें ठरवून घरच्यांनीं दोन वर्षें त्यांना बाजारांत पाठविणें बंद केलें होतें. रक्त तपासलें तेव्हां ब १२ फार थोडें निघालें. इंजेक्शनें सुरू झालीं. कांहीं महिन्यांनीं ते आम्हांस भाजीच्या पिशवीसह रस्त्यांत भेटले, व मेथीची जुडी महाग झाल्याची तक्रार करूं लागले.