पंख्याचं विमान आणि आईचे चार प्रश्न

मागच्या भागानंतर लातूरच्या एका श्रोत्यानं विचारलं होतं, "दादा, ते पंख्याचं विमान सेफ असतं का? जुनं असतं ना ते?" आजचा भाग त्याच्यासाठी. हाच प्रश्न मला आधी आईनं विचारला होता, तेही विमानाच्या शिडीपाशी उभं राहून.

तर झालं असं. २०१८ चा एप्रिल. आम्ही अहमदपूरचे, म्हणजे जिल्हा लातूर, पण गाव लातूर-नांदेडच्या मधोमध. सकाळी मुंबईहून फोन आला: मामाला हार्ट अटॅक आलाय, ॲडमिट केलंय. आईचा तो एकुलता एक भाऊ. लातूरहून मुंबईची गाडी रात्रीची, म्हणजे पोचायला दुसरा दिवस. आई म्हणाली, "तवर काय व्हईल कुणाला ठावं?" मी मोबाइल काढला. नांदेडहून त्याच दिवशी विमान होतं. दोन सीट मिळाल्या.

विमानापर्यंत चालत गेलो. आई एकदम थांबली.

पहिला प्रश्न: "ह्याला तर पंखं हायती! जुनं हाय व्हय?"

नाही. ते होतं एटीआर ७२. फ्रान्समधल्या तुलूजला बनतं, सीटा साधारण ७०. त्या पंख्यामागं जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं. फरक एवढाच की इथं इंजिनाची ताकद पंखा फिरवायला वापरतात. पंखा भरपूर हवा बेतानं मागं ढकलतो. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला हीच पद्धत स्वस्त पडते, इंधन कमी लागतं. त्याहून खूप वेगानं जायचं तर पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि सगळं गणित बिघडतं. तिथं जेट लागतं. पण नांदेड ते मुंबई सव्वा-दीड तासाचा प्रवास. जेटनं गेलो असतो तर वाचली असती फार तर वीसेक मिनिटं.

दुसरा प्रश्न: "पंखं थांबल्यात, मग घरघर कुठनं येती?"

हा प्रश्न तर मलाही पडला होता. नंतर शोधलं. मोठ्या विमानाच्या शेपटीत वीज आणि एसीसाठी एक वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नसतं. त्याऐवजी उजव्या बाजूच्या पंख्याला ब्रेक लावतात आणि त्याच्या मागचं इंजिन चालू ठेवतात. पंखा गप्प, इंजिन जागं. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. आणि म्हणूनच लोक चढतात डाव्या बाजूनं, मागच्या दारानं.

तिसरा प्रश्न आत गेल्यावर. विमान अर्धंमुर्धं भरलेलं. मागं बसलेल्या काही जणांना हवाईसुंदरीनं पुढं बसायला सांगितलं, त्यात आम्हीही. मला वाटलं, आता आई घाबरणार. पण हिचा प्रश्नच वेगळा: "उलाळ व्हती का काय गाडी?"

बैलगाडीत मागं जास्त वजन झालं की गाडी उलाळ होते आणि पुढं झालं की धुरजड. विमानाचंही अगदी तसंच. लहान विमानात माणसं कमी, म्हणून कोण कुठं बसलंय यानं तोल बदलतो. सामान वजन करून घेतात तेही त्यासाठीच. मी पुस्तकातून शिकलो असतो ते आईला गाडीवानाच्या घरात वाढल्यानं आधीच ठाऊक होतं.

उडाल्यावर जरा धक्के बसले. उन्हाळ्यात आपली काळी जमीन तापते, गरम हवा वर उसळते. असं विमान मोठ्या जेटपेक्षा कमी उंचीवरून जातं, त्यामुळं हे हेलकावे जास्त जाणवतात. पण पंख वरच्या बाजूला असल्यानं खिडकीतून सगळं दिसतं. आईनं डोळे मिटून पोथीतलं काहीतरी म्हणायला घेतलं होतं. मध्येच एक डोळा उघडून म्हणाली, "एवढी रानं, अन् सगळी पडीकच दिसत्यात."

"आणि एक पंखा बंद पडला तर?" हा चौथा. त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आता देतो. एका इंजिनावर उडता येईल अशीच ही विमानं बनवलेली असतात. बंद पडलेल्या पंख्याची पाती हवेच्या दिशेनं वळवतात, म्हणजे ती हवेला आडवी येत नाहीत.

मग धोका कशाला आहे? माझ्या मते इंजिनापेक्षा हिशेबाला. बघा, नांदेडच्या धावपट्टीवर मोठं जेटही उतरतं. पण ३५ प्रवासी असले की ७० सीटांचं विमान अर्धं भरतं आणि १८० सीटांचं जवळपास रिकामं जातं. म्हणून आपल्यासारख्या गावांना लहान विमान. तरीही परवडेना, म्हणून 'उडान' योजना आली. २७ एप्रिल २०१७ ला तिची पहिली उड्डाणं झाली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं, ट्रूजेटचं. साधारण एका तासाच्या प्रवासाला निम्म्या सीटांचं भाडं २,५०० रुपयांपर्यंत ठेवायचं आणि कंपनीची तूट सरकारनं भरून द्यायची. पण किती दिवस? ३ वर्षं. त्यानंतर मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

आर्थिक अडचणीत सापडलेली ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. नांदेडहून २०२४ मध्ये पुन्हा उड्डाणं सुरू झाली, ती स्टार एअरच्या एम्ब्राएर १७५ या छोट्या जेटनं. लातूरला धावपट्टी आहे, पण त्या दिवशी तिथून विमान असतं तर आम्ही उलट्या दिशेला नांदेडला कशाला गेलो असतो?

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मामाजवळ होतो. तो शुद्धीवर होता. आईला बघून म्हणाला, "अक्का, एवढ्या लवकर कशी आलीस?" आई म्हणाली, "पंख्याच्या इमानानं."

२०२३ मध्ये मामाच्या तपासणीसाठी पुन्हा जायचं होतं. आम्ही रात्रीची रेल्वे धरली. लातूर स्टेशनवर आईनं विचारलं, "ते पंख्याचं इमान कुठं गेलं रे?"

या पाचव्या प्रश्नाचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही. तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा विमानात बसलं असेल, तर त्यांनी काय विचारलं ते व्हॉइस नोटनं नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!