मोबाइल हरवल्यावर खाती परत मिळवायची कशी?

मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीत चढताना किंवा शहागंजच्या गर्दीत मोबाइल जातो, तेव्हा आधी त्याची किंमत आठवते. खरी अडचण संध्याकाळी कळते. मित्राच्या फोनवरून जीमेल उघडायला जावे, तर पासवर्ड बरोबर असूनही गूगल हरवलेल्या फोनवर आलेल्या सूचनेला ‘होय’ म्हणायला सांगते. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती अर्जाचाही त्याच नंबरवर. बीड, परभणी, हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरात शिकायला येऊन खोली करून राहणाऱ्या मुलामुलींची फी, खर्चाचे पैसे आणि परीक्षेचे अर्ज असे एका उपकरणात अडकून पडतात.

यातून बाहेर पडता येते, पण योग्य क्रमाने. एक खाते दुसऱ्याच्या आधाराने उघडत असल्यामुळे क्रम चुकला की दिवस वाया जातात.

दुसरा पुरावा राहतो कुठे?

पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा पुरावा प्रामुख्याने तीन प्रकारचा असतो. पहिला, एसएमएसने येणारा ओटीपी. तो फोनचा नसून नंबरचा आहे; नंबर नव्या सिमवर परत मिळाला की ओटीपीही परत मिळतो.

दुसरा, ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड. अ‍ॅप जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती एकीकडे त्या सेवेच्या सर्व्हरवर आणि दुसरीकडे आपल्या फोनमध्ये साठवली जाते. दोन्हीकडे ही किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांवर एकच गणित होते आणि बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार होतो. ही पद्धत २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिला नेटवर्क लागत नाही आणि सिमही लागत नाही. म्हणूनच नवे सिम घेतल्याने हे कोड परत येत नाहीत. किल्लीची प्रत दुसरीकडे नसेल, तर ती फोनबरोबरच जाते.

तिसरा प्रकार म्हणजे आधीच लॉगिन असलेल्या फोनवर येणारी सूचना. तिच्यासाठी तो फोन किंवा त्याच खात्याने उघडलेले दुसरे उपकरण हातात असावे लागते.

आपले कोणते खाते यांपैकी कशावर उभे आहे, ते कागदावर लिहून काढा. पुढचा मार्ग त्यावरून ठरतो.

पहिला तास: बँक आणि सिम

सर्वात आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्या. हेल्पलाइनचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच वापरा. इंटरनेटवर शोधून मिळालेले ‘कस्टमर केअर’चे नंबर अनेकदा भामट्यांचे निघतात. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने कळवल्यानंतर होणाऱ्या अनधिकृत व्यवहारांचे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणजे कळवल्याची नोंद हे तुमचे संरक्षण आहे. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मग सिम बंद करून घ्या. फोनला कुलूप असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याला दिसू लागतात.

त्यानंतर कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच नंबरचे डुप्लिकेट सिम घ्यायचे. ज्याच्या नावावर सिम आहे, त्याचीच ओळख तिथे पटवावी लागते. अनेक विद्यार्थ्यांचे सिम गावाकडे असलेल्या वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असते आणि काम तिथेच अडते. अशा वेळी त्यांची मदत घ्यावी लागते.

नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. ही मुद्दाम ठेवलेली अडवणूक आहे. कुणी खोट्या कागदपत्रांवर तुमच्या नंबरचे सिम मिळवले, तर त्याच्या हाती लगेच ओटीपी पडू नयेत आणि बंद पडलेले सिम पाहून तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळावा, यासाठी ती आहे. याच कारणाने १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. एसएमएसला मनाई असली तरी फोन येऊ शकतो. ज्या सेवेत ‘कॉल करून कोड सांगा’ असा पर्याय असेल, तो वापरून पाहा.

पोलीस आणि सीईआयआर

या २४ तासांत पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. मग संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर विभागात हरवलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. अर्जाला तक्रारीची प्रत, ओळखपत्र, ओटीपीसाठी चालू नंबर आणि फोनचा १५ आकडी आयएमईआय लागतो. आयएमईआय खोक्यावर असतो, पक्क्या बिलावरही बहुधा छापलेला असतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, ते दोन्ही भरा. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कोणत्याच नेटवर्कवर चालत नाही. सापडला तर त्याच पोर्टलवरून पुन्हा सुरू करता येतो.

आधी ईमेल, मग बाकीचे

एसएमएस सुरू झाले की आधी ईमेल उघडा, कारण इतर अनेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. घरच्या लॅपटॉपवर जीमेल आधीपासून उघडे असेल, तर अर्धे काम झाले. सुरक्षेच्या विभागातून हरवलेला फोन खात्यातून काढा आणि पासवर्ड बदला. उघडे नसेल, तर गूगलच्या खाते परत मिळवण्याच्या पानावर जा. हा प्रयत्न नेहमीच्या संगणकावरून, नेहमीच्या जागेवरून करा. त्यामुळे खाते तुमचेच असल्याची खात्री गूगलला पटायला मदत होते. कधी कधी गूगल काही दिवस थांबायला लावते. तेवढे थांबा.

यूपीआयला नवा फोन जोडताना आपल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो, म्हणून पहिल्या २४ तासांत ते जमत नाही. जोडल्यावरही सुरुवातीला २४ तास रकमेवर कमी मर्यादा असते. खोलीभाडे किंवा मेसचे पैसे द्यायचे असतील, तर तेवढी सोय आधी करा. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू केले की जुन्यावरचे बंद होते. पण तिथला सहा आकडी पिन विसरला असेल आणि ईमेल जोडलेला नसेल, तर सात दिवस वाट पाहावी लागते.

ऑथेंटिकेटरचे कोड शेवटी हाती घ्या. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून कोड गूगल खात्यात साठवण्याची सोय आहे. ती चालू असेल, तर नव्या फोनवर खाते उघडताच कोड परत दिसतात. नसेल, तर प्रत्येक सेवेने सुरुवातीला दिलेले राखीव कोड लागतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी विशेष जपावे: राखीव कोड आणि ओळख पटवण्याचे बाकीचे सगळे मार्ग गेले, तर गिटहबचा मदत विभागही खाते उघडून देत नाही. प्रोजेक्टचे सगळे काम त्या खात्यात अडकते.

या काळात ‘खाते परत मिळवून देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणणारा कुणीही मदतनीस नसतो.

फोन हातात असताना करायचे काम

वरची प्रत्येक पायरी सोपी होते ती आधी केलेल्या तयारीने. गूगल एका वेळी आठ आकडी दहा राखीव कोड देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. ते कागदावर उतरवून रेशनकार्ड, गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवा. त्यांचा फोटो त्याच फोनमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. *#06# दाबून दिसणारा आयएमईआयही तिथेच लिहा. सिमला पिन लावा, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय चालणार नाही. मात्र आधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, कारण तीनदा चुकला तर सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो. ईमेलला घरातल्या विश्वासाच्या माणसाचा नंबर पर्यायी म्हणून जोडा.

हे सगळे तासाभरात होते. आपले झाले की आई-वडिलांच्या फोनचेही करा. त्यांची पेन्शन, पीकविमा, गॅसचे बुकिंग आता याच नंबरांवर चालते, आणि फोन हरवला तर पोर्टल, अर्ज, पिन या खटपटीत त्यांना आपल्यापेक्षा जास्त मदत लागणार आहे.