टीव्हीचा ओटीपी कोण भरणार?

सावरगावातून जाम नदी ओलांडली की पांढुर्णा आणि पांढुर्ण्याहून गाडीत बसलं की नागपूर. शिकायला, नोकरीला, दवाखान्याला इथली माणसं याच वाटेने बाहेर पडतात. मुक्काम वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत नाहीतर लॉजवर. सामानात हल्ली छोटा स्मार्ट टीव्ही किंवा टीव्हीच्या मागे खोचायची स्टिक असते. तिथलं वायफाय फुकट, टीव्हीवर सिग्नलच्या रेघाही पूर्ण, तरी पडद्यावर एकच वाक्य: इंटरनेट उपलब्ध नाही. टीव्ही मात्र धडधाकट असतो.

धर्मशाळेत नोंदवहीत नाव लिहिल्याशिवाय खोलीची किल्ली मिळत नाही. सार्वजनिक वायफायही तसंच चालतं. तुमचं उपकरण जोडलं गेलं की त्याला तात्पुरता आयपी पत्ता मिळतो, पण बाहेरची वाट बंदच असते. आधी एक पान उघडतं, मोबाइल नंबर मागतं, ओटीपी येतो, तो भरला की वाट मोकळी होते. या पानाला 'कॅप्टिव्ह पोर्टल' म्हणतात.

हे पान आहे हे फोनला कळतं कसं? अँड्रॉइड फोन वायफायला जोडला गेल्याबरोबर गुगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करतो. उत्तरात '२०४' हा कोड आणि बाकी काहीच नाही, असं यायला हवं. त्याऐवजी भलत्याच पानाचा पत्ता आला, तर मध्ये कुणीतरी अडवतंय हे फोन ओळखतो आणि ते पान आपणहून समोर धरतो. बरेच टीव्ही इथेच अडतात. नेट नाही एवढं त्यांना समजतं, पण ते पान उघडून दाखवायची सोय त्यांच्यात नसते. ज्यांत ब्राउझर आहे त्यांवर 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम'सारखा साधा, बिनकुलपाचा पत्ता टाकला तर पान बहुधा येतं. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस पत्ता टाकला तर प्रमाणपत्र जुळत नाही आणि नुसती चूक दाखवली जाते.

हा ओटीपी उगाच आलेला नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलिस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथलं वायफाय उघडं होतं आणि ते परक्याच कुणी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरूनही असेच ईमेल गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने बजावलं की वायफाय कोण वापरतंय याची नोंद राहिलीच पाहिजे. आज सहा हजारांहून अधिक रेल्वे स्थानकांवरचं वायफाय ओटीपी मागतं ते यामुळेच. मला ही अट रास्त वाटते. अडचण एवढीच, की टीव्हीकडे ना सिमकार्ड, ना मोबाइल नंबर.

मग करायचं काय? ओटीपी भरल्यावर यंत्रणा लक्षात ठेवते ती उपकरणाचा मॅक पत्ता, बारा अक्षर-अंकांची खूण. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क' किंवा 'अबाउट'खाली तो सापडतो. वसतिगृहाच्या किंवा लॉजच्या कार्यालयात तो लिहून द्या. नेट सांभाळणारा माणूस तेवढ्या पत्त्याला बिनओटीपी वाट देऊ शकतो. वायफायचा आणि केबलचा मॅक वेगळा असतो, तेव्हा वायफायचाच द्या.

हे जमलं नाही तर खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर कामाचा. आधी फोन राउटरला जोडायचा आणि राउटरच्या पानावरून त्याला लॉजच्या वायफायला जोडायचं. मग फोनवर कोणतंही पान उघडलं की ओटीपीचं पान राउटरमधून येतं. ते एकदा भरलं की लॉजच्या यंत्रणेला दिसतो फक्त राउटर. मागे टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळं चालतं. फोनवरून टीव्हीवर 'कास्ट' होत नाही ही तक्रारही मिटते, कारण सार्वजनिक वायफाय दोन उपकरणांना सहसा एकमेकांशी बोलू देत नाही. तुमचा राउटर देतो. विंडोज लॅपटॉपचा 'मोबाइल हॉटस्पॉट' आणि काही अँड्रॉइड फोनही हेच काम करतात.

फोनच्या सिमवरचा हॉटस्पॉट सगळ्यात सोपा, पण एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा घेतं. रोजचा २ जीबीचा पॅक असेल तर सिनेमा अर्ध्यावर थांबेल. चित्राचा दर्जा आधीच कमी करून ठेवा.

राउटरला मजबूत पासवर्ड मात्र घालाच. ओटीपी तुमच्या नंबरवर आलेला असतो, त्यामुळे राउटरमागून कुणीही काहीही केलं तरी नोंद तुमच्या नावावर लागते. राउटर उघडा ठेवला, तर सानपाड्याच्या त्या फ्लॅटमध्ये झालं तेच तुमच्या खोलीत होऊ शकतं.

खरं तर ही यातायात टीव्ही बनवणाऱ्यांनी संपवायला हवी. ओटीपीचं पान कुठे आहे हे नेटवर्कने जोडतानाच उपकरणाला सांगावं, असं प्रमाण इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने सप्टेंबर २०२० मध्येच प्रसिद्ध केलं आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोघांनीही ते स्वीकारलं. टीव्हीनेही तो पत्ता घ्यावा, आपली खूण जोडून पडद्यावर क्यूआर कोड दाखवावा. आपण फोनने तो स्कॅन करून ओटीपी भरू. नोंदही राहील आणि टीव्हीही सुरू होईल.