पेन्सिलीची छटा आणि मुलाची नजर

मडके काढावयास सांगितले की मूल प्रथम बाह्यरेषा काढते आणि आतला भाग सरसकट काळा करते. मडके कागदावर चपटेच राहते. समोर दिसणाऱ्या मडक्याऐवजी मुलाने मनात ठाऊक असलेले मडके काढलेले असते. म्हणून छायाप्रकाशाचे शिक्षण हे आम्ही प्रथम पाहण्याचे शिक्षण मानतो.

आरंभी पाच चौकोनांची पट्टी आखून घेतो. पहिला चौकोन कोरा, शेवटचा शक्य तितका गडद, मधले तीन चढत्या छटांचे. पेन्सिलीच्या शिशात वस्तुतः शिसे नसते. ते ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे मिश्रण असते. माती अधिक तर रेघ कठीण व फिकी, ग्रॅफाइट अधिक तर मऊ व काळी. म्हणून हलक्या छटेसाठी एचबी, मध्यम छटेसाठी टूबी आणि गडद छटेसाठी सिक्सबी. हे उमगले की मूल पेन्सिल दाबून कागद फाडीत नाही. थरावर थर देते. बोटाने घासण्यास मात्र आमची मनाई असते, कारण त्याने छटा एकमेकींत मिसळून वस्तूचा घाट हरवतो.

पुढे एकच खिडकी उघडी ठेवून टेबलावर पांढरा चेंडू मांडतो. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील मावळतात आणि उजळ भाग, मध्यम छटा, गडद छाया व टेबलावरची सावली वेगळी दिसू लागते. छायेच्या कडेला टेबलावरून परतलेला मंद उजेड मुलांना सहसा दिसत नाही. तेव्हा चेंडूखाली पांढरा कागद सरकवतो आणि पुन्हा काढून घेतो. उजेड वाढतो, कमी होतो. मग तो सर्वांना दिसतो.

चित्रकलेचा तास गणिताचा वेळ खातो काय, असे पालक विचारतात. शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्राला या सरावाचा लाभ होतोच. परंतु गृहीत न धरता निरखून नोंदण्याची सवय विज्ञानाच्या प्रयोगवहीतही उपयोगी पडते. शिवाय येथे दोन-तीन पेन्सिली पुरतात. रंगपेटी न परवडणारे मूल मागे राहत नाही.

सुट्टीत मूल चित्र दाखवील तेव्हा ‘हे काय काढलेस?’ असे विचारण्याऐवजी ‘उजेड कोठून येतो आहे?’ असे विचारावे, ही पालकांस विनंती.