गोधडीवर सही कुणाची?

बँकेत सगळा कारभार सहीवर चालतो. नमुना सहीशी चेकवरची सही जुळली तर पैसे, नाही तर चेक परत. तीसेक वर्षं मी अशा सह्या पडताळल्या. 1980च्या दशकात ग्रामीण शाखेत होते, तेव्हा बचत खात्याच्या रांगेत अंगठेवाल्या बायका पुष्कळ असत. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा, कागदावर उमटवायचा आणि शेजारी साक्षीदाराने सही करायची. कागदापुढे त्यांचा हात अवघडून जाई. तोच हात घरी गोधडीवर, बोलता बोलता, रेघ न आखता शेकडो टाके सरळ ओळीत घालत असे. त्या कामावर मात्र ना अंगठा, ना सही.

गोधडी शिवताना पाहिलेली पिढी अजून आहे. वर एक जुनं नऊवारी लुगडं, खाली दुसरं, मध्ये विरलेली धोतरं, परकर, फाटक्या चादरी. अंगणात सगळं पसरून कोपऱ्यांवर वजनाला दगड ठेवायचे. लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत धावदोरा घालत यायचं. दुपारची जेवणं उरकली की शेजारणी येत आणि एकेक बाजू धरून बसत. कुणाचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा, कुणाचा बोटाच्या पेराएवढा. माहितगार बाई टाक्यावरून हात ओळखी. पण ती माहितगार बाई गेली की ओळखही गेली. आमच्या गावच्या घराची वाटणी झाली, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून पाच गोधड्या निघाल्या. एकीत आजीचं इरकली लुगडं होतं, एवढं कुणीतरी सांगितलं. शिवल्या कुणी, कधी, कुणासाठी, हे सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं. जमिनीच्या सात-बाऱ्यावर मात्र तीन पिढ्यांची नावं अगदी स्वच्छ होती.

कपड्यावर नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती असं नाही. धोब्याकडे जाणाऱ्या सदऱ्यावर बिब्ब्याची खूण असे. बिब्ब्याच्या रसाला चुन्याची जोड मिळाली की असा काळा डाग पडतो, की कपडा विरला तरी तो निघत नाही. इंग्रजांनी बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ हे नाव दिलं ते यावरूनच. म्हणजे कपडा कुणाचा, हे आपण लिहीत होतो. कुणी केला, हे लिहायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

इतरत्र ते सुचलेलं दिसतं. बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांचे थर टाचून कांथा करतात. ती आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी शिवलेली कांथा आहे. तिने सुईनेच त्यावर आपलं नाव घातलं, म्हणून आज आपण ते नाव घेऊ शकतो. अमेरिकेत 1840च्या दशकात सह्यांच्या गोधड्यांची लाटच आली होती. कुणी गाव सोडून पश्चिमेकडे निघालं, की मैत्रिणी एकेका तुकड्यावर आपलं नाव लिहीत आणि ते तुकडे जोडून तिला देत. आजही तिथल्या पुष्कळ बायका गोधडीच्या पाठीवर, कोपऱ्यात, नाव आणि साल लिहिलेली कापडी चिठ्ठी शिवतात.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. “अहो, मायेच्या कामावर कसली सही?” हे ऐकायला गोड लागतं. पण बहिणाबाईंच्या ओव्यांचं काय झालं असतं, याचा विचार करावा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ओव्या टिपून घेतल्या आणि त्या 1952 साली, बहिणाबाई गेल्यावर वर्षभराने, पुस्तकरूपाने आल्या. ती वही नसती, तर त्या ओव्या ‘कुणीतरी जात्यावर म्हणायचं’ एवढ्यावर संपल्या असत्या. आपल्या गोधड्या नेमक्या तिथेच संपताहेत. शिवाय आता गोधडी दुकानात आली आहे. तिला दुकानाचं छापील लेबल असतं, किंमत असते, धुण्याच्या सूचनाही असतात. नसतं ते फक्त शिवणारीचं नाव. माया आणि मजुरी, दोन्हीकडे बाई बिननावाची.

म्हणून माझं सांगणं साधं आहे: चिठ्ठी शिवा. खर्च जवळजवळ नाहीच. जुन्या धोतराचा किंवा मांजरपाटाचा चार इंच बाय तीन इंच तुकडा घ्यावा. मांजरपाट नवा असेल तर आधी धुऊन खळ काढावी, नाही तर पुढे आटून अक्षरं चुरगळतात. लिहिताना कापड सरकतं, त्यासाठी खाली काचकागद ठेवावा. पेन कापडावर टिकणाऱ्या शाईचं हवं. साध्या बॉलपेनचा भरवसा नाही. शाई आधी चिंधीवर लावून, धुऊन पाहावी. त्याहून पक्कं काम दोऱ्याचं. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्याचे दोन पदर घेऊन साखळी टाका घालावा. देवनागरीला एक सोय आहे: आधी शिरोरेषा घालून घेतली की अक्षरं ओळ सोडत नाहीत. जोडाक्षर जरा छळतं, तेव्हा अक्षर मोठं काढावं.

चिठ्ठी सगळ्यात शेवटी, शोभेसारखी डकवू नये. थर लावण्याआधीच ती खालच्या लुगड्याच्या कोपऱ्यावर, कडा दुमडून शिवावी. मग गोधडीचा धावदोरा तिच्यावरूनही जातो आणि गोधडी उसवल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही. गोधडी आधीच तयार असेल, तर पाठीमागे बारीक हेमिंग करून लावावी. मजकूर थोडा असावा: शिवली कुणी, कापड कुणाकुणाचं, कुणासाठी, गाव, साल. पैसे देऊन शिवून घेतली असेल, तर त्या बाईला विचारून तिचं नाव घालावं.

यात एकच अडचण येते आणि ती कापडाची नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या मावशीने शिवलेल्या गोधडीसाठी मी चिठ्ठी करायला घेतली. “मावशी, नाव काय घालू?”

“घाल की, मावशी म्हणून.”

“अगं, पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कळायला नको, कुणाची मावशी?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने एक नाव सांगितलं. ते तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं, त्या दिवसापासून ते कुणी घेतलं नव्हतं. तिच्या बँकेच्या पासबुकात ते नाही, रेशनकार्डावर नाही, मतदारयादीत नाही. मला मुलगी असल्यापासून ओळखणाऱ्या या बाईचं पाळण्यातलं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गोधडीवर मी तेच घातलं. तिने चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “शिरोरेषा जरा तिरकी गेलीय गं.”

तुमच्याही घरात एखादी जुनी गोधडी असेल आणि ती कुणी शिवली हे सांगणारं एखादं माणूस अजून असेल. त्या माणसाला या आठवड्यात विचारा. नाव विचाराल तेव्हा, कुठलं नाव हवं, तेही विचारा.